चार फुटांची गॅलरी आणि पाच जणांचं टेन्शन

गेल्या दिवाळीनंतरचा पहिला शनिवार, सकाळचे साडेदहा. जागा बेळगावच्या शहापूर भागातल्या एका बोळातली, दुमजली घराचा वरचा मजला. रक्कम बावीस हजार रुपये, गॅलरी तोडून दाराच्या जागी खिडकी बसवण्याची. हजर माणसं अशी: घरमालक आप्पा, त्यांच्या पत्नी आक्का, मुलगा सुरेश, सून सविता, एक कॉन्ट्रॅक्टर आणि मी.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घर दिसेल कसं ते आर्किटेक्ट बघतो, उभं कसं राहील ते मी बघते. नव्या इमारतींची कामं असतातच, पण बेळगावच्या जुन्या भागातून मला बहुतेक बोलावणी येतात ती तडे बघायला. तडा दिसला की माणसं आधी त्यावर पुट्टी भरतात, मग रंग लावतात, आणि तो पुन्हा दिसला की मला फोन करतात.

इथंही बोलावणं तड्याचंच होतं. गॅलरीच्या फरशीवर, भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तडा होता. फार रुंद नव्हता. पोस्टकार्डाची कड जेमतेम आत जाईल एवढाच. पण तो भिंतीला समांतर होता, आणि ते मला आवडलं नाही.

"मॅडम, आमाला लई टेन्शन आलंय," सविता म्हणाली. "रोज आत्या तिथंच बसत्यात."

आत्या म्हणजे आक्का. त्या गॅलरीच्या दारातच निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जिना उतरता येत नव्हता. जिना जुना, उभा, एकावेळी एकच माणूस जाईल असा. खाली आणायचं म्हटलं तर दोघांनी खुर्चीसकट उचलायला लागायचं, आणि तसं त्या डॉक्टरकडे जाण्यापुरतंच करू देत. बाकी त्यांचं सगळं जग म्हणजे ही आठ फूट लांब आणि चार फूट रुंद गॅलरी. भाजीवाली खालून हाक मारायची, या वरून दोरीनं टोपली सोडायच्या. बोळात कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं भांडण झालं, कुणाच्या मुलानं नवी गाडी घेतली, सगळं त्यांना घरच्यांच्या आधी माहीत असायचं.

"म्याडम, तोडून टाकू या," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "सुम्मने, उगाच रिस्क कशाला? बावीस हजारांत विषय संपला. दाराला खिडकी बसवतो, ग्रिल मारतो."

"खिडकी म्हंजे बसलेल्या माणसाला समोरची भिंत दिसणार," आक्का म्हणाल्या. "ती भिंत मी चाळीस वर्षं बघितलीय. तिच्यात बघण्यासारखं काय बी न्हाय."

"आई, पडलीस तर?" सुरेश म्हणाला.

"पडले तर तुमी उचला की. न्हायतर एवढा मोठा कशाला झालास?"

आप्पा खाटेच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होते. माणूस किडकिडीत, वय सत्तरीच्या पुढे. जन्म मागावर गेलेला. खालच्या शेडमध्ये त्यांचे चार माग होते, तीन विकले, एक अजून होता. त्यावर आता फक्त घरच्या लोकांचे कपडे वाळत घातले जायचे.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. काँक्रीट दाब फार चांगला सोसतं. वर हत्ती उभा केला तरी कुरकुर करत नाही. पण ओढलं की फाटतं. या ओढीला आमच्यात टेन्शन म्हणतात. म्हणून जिथं ओढ पडेल तिथं लोखंडी सळ्या घालतात, कारण सळई ओढ सोसते. खोलीच्या स्लॅबला ओढ खालच्या बाजूला पडते, म्हणून सळ्या खाली. गॅलरीचं उलट असतं. ती एकाच बाजूनं भिंतीला धरलेली, बाकी हवेत. कुणी उभं राहिलं की पुढची कड खाली जायला बघते आणि भिंतीजवळ वरच्या अंगाला ताण बसतो. म्हणून गॅलरीच्या सळ्या वर असायला लागतात. स्लॅब भरताना मजूर त्या सळ्यांवरून चालले, त्या पायानं दबून खाली गेल्या आणि कुणी परत उचलल्या नाहीत, तर ती गॅलरी दिसायला ठीक असते, पण जन्मभर अधू राहते. भिंतीला समांतर तडा हे त्याचं लक्षण.

हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले.

"टेन्शन मागालाबी असतंय, मॅडम. मागच्या बीमला, म्हंजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाला, वजनं टांगायची. वजन कमी पडलं तर ताणा ढिला, कापड झोळ मारतंय. जास्ती झालं तर धागा तुटतोय."

"आमच्यातबी तसंच हाय," सुरेश म्हणाला. तो निपाणी भागात एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे. रोज जाऊन-येऊन करतो. "आमाला एच.टी. लाइन म्हंजे हाय टेन्शन, अकरा हजार व्होल्ट. आनि वर तारेचं टेन्शन निराळंच. उन्हाळ्यात तार लोंबती, ते धरून आधीच ओढायची किती ते ठरवायला लागतंय."

"माझ्या मशीनलाबी टेन्शनचा स्क्रू हाय," सविता म्हणाली. ती ब्लाउज शिवते. "नवीन पोरी शिकायला आल्या की पयला तोच बिघडवून ठेवत्यात."

"आनि माझ्या फाइलवर डॉक्टरनं लिवलंय हायपरटेन्शन," आक्का म्हणाल्या. "सगळ्यांचं झालं, माझंच ऱ्हायलं होतं."

मी इतक्या वर्षांत पुष्कळ घरांत गेले, पण एकाच खोलीत हा एक शब्द इतक्या कामांना लावलेला पहिल्यांदा ऐकला, आणि कुणाचाही घोटाळा होत नव्हता. प्रत्येकाला दुसऱ्याचं नीट कळत होतं. मला गंमत वाटली. विणकर, शिंपीण, लाइनवाला, तिघांनाही टेन्शन हवं असतं, फक्त बेतात. डॉक्टरला आणि मला ते नको असतं.

पण निर्णय मलाच सांगायचा होता. मी म्हटलं, "तोडायचं की नाही ते मी आज सांगणार नाही. सळ्या कुठं आहेत ते बघितल्याशिवाय मी सही करत नाही. मंगळवारी खालून टेकू लावून घेऊ आणि उकरून बघू. तोपर्यंत गॅलरीवर कुणीही पाय ठेवायचा नाही."

"म्हंजे मीच न्हवं?" आक्का म्हणाल्या.

"हो. तुम्हीच."

सुरेशनं त्यांची खुर्ची उंबऱ्याच्या आत ओढली आणि त्यांना बसवलं. तिथून बोळ दिसत नव्हता. समोरच्या घराचं वरचं टोक आणि थोडं आभाळ दिसत होतं. खालून कुणीतरी "आक्का!" म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी सवयीनं पुढं वाकून बघितलं आणि पुन्हा मागं टेकल्या.

आप्पा मला सोडायला खाली आले. गाडीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, मागून दाब दिला तर फुडचं उचलून धरतंय न्हवं?"

मला वाटलं, माणूस मागाच्या हिशेबानं विचार करतोय. "गॅलरीत तसं नसतं, आप्पा," म्हटलं आणि निघाले. खडेबाजारात एक काम होतं, उशीर झाला होता.

मंगळवारी गवंड्यानं बोळातून लोखंडी टेकू लावले. मी बार लोकेटर घेऊन वर गेले. हे हातात मावणारं यंत्र आहे, फरशीवरून फिरवलं की आत सळई कुठं आणि किती खोल आहे ते सांगतं. गॅलरीवरच्या सळ्या मार्क करून झाल्या. आता त्या भिंतीच्या आत, खोलीच्या स्लॅबमध्ये किती लांब गेल्यात ते बघायचं होतं. गॅलरी बाहेर जेवढी, त्याहून जास्त सळई आत मुरलेली असायला लागते. दाराच्या आतच आक्कांची खाट होती.

"खाट जरा सरकवू या," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे की," आप्पा म्हणाले. "बाजूनं बघा."

"बाजूनं दिसणार नाही, आप्पा."

"खाट जड हाय."

सुरेश त्यादिवशी रजा घेऊन थांबला होता. त्यानं एका हातानं खाटेचं टोक उचललं. "कुठं जड हाय?" असं म्हणत त्यानं ती बाजूला केली. जमिनीपर्यंत सोडलेली चादर तिच्याबरोबर सरकली.

खाली गोणपाट अंथरलेलं होतं, आणि त्यावर मागाची लोखंडी वजनं. दहा-दहा किलोची, मधे खाच असलेली, भिंतीला चिकटून ओळीनं लावलेली. एकावर एक नाही. माल रचणाऱ्या माणसानं रचावी तशी. मी मनात बेरीज केली, तीनशे किलोच्या आसपास होत होती.

मग सुरेश म्हणाला, "आप्पा, हे काय?"

"ताण धरायला ठेवलंय."

"कवा?"

"दसऱ्याच्या आधी. तडा दिसल्यावर." आप्पा खाली बघत होते. "फुडं ती बसती. मागं तेवढं वजन पायजे. बीमला असतंय तसं."

"वर आणलं कोण?"

"कोण आणणार? तू निपाणीला, सविता माल पोचवायला जाती. दुपारी एक-एक आणलं."

"आनि मला सांगायचं न्हाय?" सुरेशचा आवाज चढला. "तडा दसऱ्याच्या आधीपासनं, आनि मला दिवाळीत दिसतोय! तुमी त्याच्यावर पायपुसणं टाकलं होतं न्हवं? व्हय का न्हाय?"

"तुला सांगितलं असतं तर तू दार लावलं असतंस."

"लावलंच असतं!"

"म्हणूनच."

आक्का खुर्चीतून हे सगळं बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या आप्पांवर कडाडल्या.

"माझ्या खाटंखाली लोखंड भरलंय आनि मलाच पत्त्या न्हाय! रोज दुपारी झोपले की धाड धाड ऐकायला यायचं, मी म्हणायची मांजर हाय. त्या जिन्यावनं पाय घसरला असता म्हंजे? कंबरंत गेलासा असता तर मला गॅलरीत बसवायला कोण होतं वो?"

"न्हाय घसरला," आप्पा म्हणाले.

मला काम पुढं न्यायचं होतं. जमिनीवर खडूनं खुणा केल्या, दोन ठिकाणी गवंड्याकडून टोकरून घेतलं. निकाल मी ओळखला होता तोच. चार इंचाच्या स्लॅबमध्ये सळ्या वरून एक इंचावर हव्या होत्या, त्या वरून अडीच इंचांवर बसल्या होत्या. लांबी मात्र बरोबर होती, आत पाच फूट गेल्या होत्या. गंज जवळजवळ नव्हता. म्हणजे गॅलरी वाचवण्याजोगी होती, पण आहे तशी वापरण्याजोगी नव्हती.

आप्पा माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले. त्या भोकातून सळई बघितली.

"मॅडम, खरं सांगा. माझ्या वजनांनी काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हिशेबाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, ते माझ्या धंद्यातलं नाही. आणि खरं बोलायचीही त्यावेळी इच्छा नव्हती.

मी सांगितलं, "आप्पा, गॅलरी उलटून पडायला आली असती, तर मागच्या वजनाचा उपयोग झाला असता. जुने दगडी छज्जे तसेच असतात, मागं भिंतीचं वजन असतं म्हणून टिकतात. पण ही उलटणार नव्हती. ही मुळात मोडणार होती. मागं कितीही ठेवलं तरी त्या ठिकाणची ताकद वाढत नाही. खोलीच्या स्लॅबला एवढं वजन पेलतं, त्यामुळं वाईटही काही झालेलं नाही."

"म्हंजे काय बी उपयोग न्हाय."

"नाही."

आप्पांनी मान हलवली. हात गुडघ्यांवर ठेवून ते तसेच बसून राहिले.

"उपयोग न्हाय कसा?" आक्का म्हणाल्या. "दसऱ्यापासनं रोज बसले न्हवं मी तिथं? पडले का? न्हाय पडले."

यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं. मी ते दिलं नाही.

मग सुरेशनं वजनं खाली न्यायला घेतली. दोन हातांत दोन, वीस किलो. पहिली खेप झपाट्यानं गेली. दुसऱ्या खेपेनंतर तो वर आलाच नाही म्हणून सविता बघायला गेली, तर तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला होता. "काय झालं?" तिनं विचारलं. "काय न्हाय," तो म्हणाला. "ह्या जिन्यानं म्हातारा एवढं कसं घेऊन आला ते बघतोय." नंतर त्यानं आप्पांना एक शब्दही टाकून बोललेला मी ऐकला नाही.

आता उपाय. गॅलरीखाली दोन लोखंडी ब्रॅकेट लावायचे ठरवले. ब्रॅकेट म्हणजे भिंतीतून निघालेला तिरका हात, जसा फळीला खालून आधार देतात तसा. खांब लावला असता तर काम स्वस्तात झालं असतं, पण बोळात खांब उभा करता येत नाही, आणि खालून टेम्पो जातात. ब्रॅकेटचा पाय किती खाली आणायचा याला त्यामुळं मर्यादा होती. तेवढ्या आधारात चार फूट बसत नव्हते. पुढची कड कापून गॅलरी तीन फुटांची करायला लागणार होती.

हे सांगायला मी शुक्रवारी गेले. आक्कांना कागदावरचं चित्र दाखवून उपयोग नव्हता. मी खोलीतच जमिनीवर खडूनं तीन फुटांची रेघ मारली आणि त्यांची खुर्ची त्या पट्ट्यात ठेवली. "बसून बघा."

सवितानं धरून त्यांना बसवलं. त्यांनी पाय लांब केले. अंगठा रेघेच्या बाहेर गेला.

"पाय बाहेर जातोय, बाई. सहा इंच वाढवा."

"सहा वाढत नाहीत, आक्का."

"मग चार."

"भाजी घ्यायला आल्यासारखं काय करता? हिशेबात बसलं तर देईन."

"हिशेब तुमचाच हाय की. तुमीच बसवा. बसत्याला टोपली ठेवायला जागा नको? पाण्याचा तांब्या? तीन द्या."

सुरेश हसायला लागला. "मॅडम, द्या तीन. न्हायतर ती रात्रभर झोपू द्यायची न्हाय आमाला."

मी तिथंच बसून पुन्हा आकडे मांडले. ब्रॅकेटपुढं लोंबणारा भाग तीन इंचांनी वाढला तर काय होतं ते बघितलं. होत होतं. अगदी सांभाळूनही होत होतं. तीन फूट तीन इंच ठरले. आक्कांनी रेघ पुन्हा मारायला लावली आणि पुन्हा बसून बघितलं.

काम तीन आठवडे चाललं. तेवढे दिवस आक्का उंबऱ्याच्या आत होत्या. सविता फोनवर सांगायची, आत्या नीट जेवत न्हाईत, बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणाले टेन्शन देऊ नका. "कोण देतंय?" असं आक्का मागून म्हणताना ऐकू यायचं. भाजीवाली खालून ओरडून भाव सांगायची आणि या वरून, काही न बघता, जुडी शिळी आहे म्हणायच्या. ते बहुतेक खरं निघायचं, असं सविताचं म्हणणं.

शेवटी लोड टेस्ट. म्हणजे गॅलरीवर, माणसं उभी राहून पडेल त्याहून जास्त वजन मुद्दाम ठेवायचं, एक दिवस तसंच राहू द्यायचं, आणि कड किती खाली जाते ते डायल गेजवर बघायचं. वजन काढल्यावर ती परत जागेवर यायला हवी. आम्ही वाळूची पोती रचली. आप्पा सारखे येऊन गेजचा काटा बघून जात. त्यांना तो वाचायला मीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोती उतरवली. काटा जवळजवळ होता तिथं आला.

"सुटला ताण?" आप्पांनी विचारलं.

"सुटला. आता ब्रॅकेट धरतील."

सुरेशनं आणि सवितानं आक्कांना दोन्ही बाजूंनी धरून उंबरा ओलांडवला. निळी खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. त्या बसल्या, पाय लांब केले, आणि खाली बघितलं. बराच वेळ नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या घराला रंग दिला व्हय? कुणी सांगितलं न्हाय मला." आणि पदर डोळ्यांना लावला. आम्ही सगळे आत आलो आणि उगाचच पोती मोजत बसलो.

यातून वाचकांनी घ्यायचं ते एवढंच. गॅलरीवर भिंतीलगत तडा दिसला तर त्यावर पायपुसणं टाकू नका, मागं वजन ठेवू नका. इंजिनिअरला दाखवा. बहुतेक वेळा तोडायची गरज पडत नाही.

खर्चाचा हिशेब असा. ब्रॅकेट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला चौतीस हजार. गवंडी, कटिंग आणि टेकूचं भाडं मिळून साडेअकरा हजार. वाळूची पोती आणि चढवण्या-उतरवण्याची मजुरी अठराशे. माझी फी सात हजार. हे सगळं सुरेशनं दिलं. तोडायला आलेल्या कॉन्ट्रॅक्टरला काही नाही, तो दोनदा चहा घेऊन गेला. शेवटची रक्कम मला महिन्याभरानं कळली. त्या बोळातून जात होते, तर वरून आक्कांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत आप्पा बसले होते, कमरेला पट्टा बांधून, मान खाली घालून.

"बघा की वो बाई, म्हनं घसरला न्हाय! पंधराशे दिले कंबरंच्या डॉक्टरला, माझ्या पेन्शनमधनं!"